ग्रँट आणि ली : 'सरसेनापती', 'तह', 'यादवी' हे शब्द बरोबर आहेत का?

अमेरिकेतल्या यादवी युद्धावर (१८६१ ते १८६५) एका दिवाळी अंकासाठी लेख लिहितेय, उत्तरेचा सेनापती युलिसिस ग्रँट आणि फुटून निघालेल्या दक्षिणेचा रॉबर्ट ली ह्या दोघांवर. एका वाक्यावर गाडी अडलीय: "९ एप्रिल १८६५ ला ॲपोमॅटॉक्सला दोन्ही बाजूंच्या सरसेनापतींमध्ये तह झाला आणि यादवी संपली." संपादकांनी सरसेनापती, तह आणि यादवी तिन्हींखाली रेघ मारून बाजूला नुसतं प्रश्नचिन्ह टाकलंय. जाणकारांनी सांगा प्लीज.

---

ताई, आधी 'तह' काढा. तह दोन सत्तांमध्ये होतो, सालबाईचा, वसईचा वगैरे. उत्तरेचं म्हणणंच असं होतं की दक्षिण हा वेगळा देश नाहीच, आमच्याच राज्यांनी बंड केलंय, मग तह करायचा कुणाशी? तह म्हटलं की दक्षिणेचा दावा आपण मान्य केल्यासारखं होतं. तिथे झाली ती शरणागती, तीसुद्धा फक्त लीच्या हाताखालच्या उत्तर व्हर्जिनियाच्या सैन्याची. दक्षिणेच्याच जोसेफ जॉन्स्टनचं सैन्य नॉर्थ कॅरोलायनात उभंच होतं, ते २६ एप्रिलला उत्तरेच्या शर्मनला शरण गेलं. म्हणजे "यादवी संपली" पण जरा घाईचंच.

---

शरणागतीला हरकत नाही पण "तह सत्तांमध्येच होतो, सेनापती करत नाहीत" असा नियम कुठाय? पुरंदरला १६६५ मध्ये समोर मिर्झाराजे जयसिंगच होते ना, औरंगजेब थोडाच आला होता गडाखाली.

---

चांगला मुद्दा. पण मिर्झाराजांना बादशहाकडून तेवढा अधिकार मिळालेला होता आणि नंतर बादशहाने फर्मान पाठवून तह मान्य केला. ग्रँटच्या बाबतीत नेमकं उलट झालेलं. मार्च १८६५ च्या सुरुवातीला लीने पत्र पाठवून सुचवलं की आपण दोघं भेटून बोलू, काही तोडगा निघतो का बघू, ग्रँटने ते वॉशिंग्टनला कळवलं तर ३ मार्चला लिंकनचं स्पष्ट उत्तर आलं की लीचं सैन्य शरण येत असेल किंवा किरकोळ लष्करी बाब असेल तरच भेटायचं, राजकीय प्रश्नांवर तू बोलायचंच नाही, ते माझ्याकडे. म्हणजे ग्रँटला तह करायची मुभाच नव्हती.

ही मर्यादा ओलांडली की काय होतं तेही दीडेक महिन्यात दिसलं. शर्मनने १८ एप्रिलला जॉन्स्टनशी जो कागद केला त्यात दक्षिणेतली राज्य सरकारं, लोकांचे राजकीय हक्क असलं सगळं घातलं, तो खरोखर तहासारखाच झाला होता, आणि वॉशिंग्टनने तो सरळ फेटाळला (लिंकनचा खून तोवर झाला होता, वातावरण तापलेलं). ग्रँट स्वतः रॅलेला शर्मनकडे गेला आणि मग ॲपोमॅटॉक्सच्या धर्तीवर साधी शरणागती लिहून घेतली. तह आणि शरणागती ह्यातला फरक ह्या दोन कागदांइतका स्वच्छ दुसरीकडे कुठे सापडेल असं वाटत नाही.

---

मग "बिनशर्त शरणागती" लिहा की! ग्रँटचं टोपणनावच होतं ते.

---

अहो ते फोर्ट डोनेलसनचं, फेब्रुवारी १८६२ चं. किल्ल्यातल्या दक्षिणी सेनापती बकनरने अटी विचारल्या, ग्रँटने कळवलं की तात्काळ बिनशर्त शरणागतीखेरीज काहीही चालणार नाही, आणि त्याच्या नावातली यू. एस. ही इंग्रजी आद्याक्षरं त्या शब्दांना जुळली म्हणून पेपरवाल्यांनी ते उचललं. ॲपोमॅटॉक्सला मात्र व्यवस्थित अटी होत्या. अधिकाऱ्यांनी तलवार-पिस्तूल आणि स्वतःचा घोडा ठेवायचा, ज्या शिपायांचे घोडे-खेचरं स्वतःची आहेत त्यांनी ती पेरणीसाठी घरी न्यायची, शिवाय ग्रँटने लीच्या उपाशी सैन्याला २५ हजार माणसांचा शिधा द्यायला सांगितला. ह्याला बिनशर्त कसं म्हणणार.

---

आता सरसेनापती. ग्रँटला चालेल, मार्च १८६४ पासून तो उत्तरेच्या सगळ्या सैन्यांचा प्रमुख होता. लीला बहुतेक युद्धभर चालणार नाही, तो १ जून १८६२ पासून एका सैन्याचा सेनापती होता, सगळ्या दक्षिणी सैन्यांचं प्रमुखपद त्याला मिळालं फेब्रुवारी १८६५ मध्ये, सगळं हातातून गेल्यावर. आणि समोरासमोरची जोडी लावायची तर लीच्या समोर पोटोमॅकच्या सैन्याचा सेनापती जॉर्ज मीड होता, ग्रँट शेवटपर्यंत त्याच्याबरोबर फिरत राहिला म्हणून बिचाऱ्या मीडचं नाव कुणाच्या लक्षात राहत नाही.

हुद्द्यांचं पण सांभाळा. ग्रँट लेफ्टनंट जनरल आणि ली जनरल असं लिहिलं की आपल्याकडचा वाचक म्हणणार ली वरच्या दर्जाचा. तसं नाही, ते दोन वेगळ्या सैन्यांचे हुद्दे. उत्तरेत तोवर मेजर जनरलच्या वर कुणी नव्हतंच, लेफ्टनंट जनरल हा पूर्ण हुद्दा आधी फक्त जॉर्ज वॉशिंग्टनला मिळालेला. आणि ली अंगावर लावायचा कर्नलचे तीन तारे, जनरलचं भोवतीचं पानांचं कडं नसलेले. फोटो बघून हुद्दा ठरवू नका.

---

सैन्यांच्या नावांचा पण घोळ आहे, लेखात येणार असेल तर. उत्तरेवाले सैन्यांना बहुधा नद्यांची नावं द्यायचे, दक्षिणवाले राज्यांची किंवा प्रदेशांची. १८६३ च्या नोव्हेंबरात चॅटनूगाला शर्मनचं टेनेसीचं सैन्य आणि ब्रॅगचं टेनेसीचं सैन्य एकमेकांविरुद्ध लढलं! इंग्रजीत एका 'द'वर (नदीच्या नावाआधीचा the) भागतं, मराठीत "टेनेसी नदीचं सैन्य" आणि "टेनेसी राज्याचं सैन्य" असं फोड करूनच लिहावं लागेल.

---

यादवीबद्दल कुणीच बोललं नाही. मला तो शब्द गृहयुद्धापेक्षा शंभर पटीने आवडतो. गृहयुद्ध म्हणजे नुसतं घरातलं भांडण, यादवी म्हणजे एका कुळातल्यांनी प्रभासला एकमेकांना मारणं. आणि सेनापतींच्या बाबतीत तर अगदी फिट. दोघंही वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीचे, ली १८२९ चा, ग्रँट १८४३ चा. दोघं मेक्सिकोच्या युद्धात एकाच सैन्यात, तिथे एकदा भेटलेही होते, ॲपोमॅटॉक्सला शरणागती झाली त्या मॅक्लीनच्या घरातल्या बैठकीच्या खोलीत सुरुवातीचं बोलणं त्यावरच झालं. लीच्या हाताखालचा सेनापती लाँगस्ट्रीट ग्रँटच्या बायकोचा नातेवाईक. डोनेलसनच्या बकनरने १८५४ ला न्यूयॉर्कमध्ये खिसा रिकामा असलेल्या ग्रँटला मदत केली होती. आणि लीला तर १८६१ च्या एप्रिलमध्ये उत्तरेच्या फौजेचं नेतृत्व देऊ केलं होतं, त्याने राजीनामा दिला.

---

सेनापतींपुरतं बरोबर आहे रे दादा, पण यादवांचं भांडण दारूच्या नशेत, कारण काही नाही. इथे कारण होतं, गुलामगिरी. यादवी म्हटलं की दोघंही सारखेच वेडे असा वास येतो. ग्रँटने स्वतः आत्मचरित्रात लिहिलंय की शत्रू शौर्याने लढला पण ज्यासाठी लढला ते कारण आजवर लोक ज्यासाठी लढले त्यातल्या सगळ्यात वाईटांपैकी होतं. आणि आपल्या जोतीरावांनी १८७३ ला 'गुलामगिरी' अर्पण केलं ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना, त्यांना ही यादवी नक्कीच वाटली नव्हती. तरी शब्द रुळलाय तर ठेवा, फक्त "भाऊबंदकी"च्या अंगाने लेख नेऊ नका.

---

सगळ्यांचे आभार! तह गेला, सरसेनापती फक्त ग्रँटला, यादवी ठेवतेय. अजून एकच, शरण आलेल्या शिपायांना परत न लढण्याच्या वचनावर घरी सोडलं त्या 'पॅरोल'ला काय लिहू? आपल्याकडे पॅरोल म्हणजे कैद्याची रजा.

(आणि कुणीतरी विचारणारच म्हणून, मुंबईचा ग्रँट रोड ह्या ग्रँटचा नाही, गव्हर्नर रॉबर्ट ग्रँटचा. हा ग्रँट १८७९ ला जगप्रवासात मुंबईला येऊन गेला तो भाग वेगळा.)

---

'कौल' (अभयाचं वचन) सुचेल कुणाला, पण कौल वरचा खालच्याला देतो. इथे हरलेला शिपाई लिहून देतोय की मी परत हत्यार उचलणार नाही, तर तो मुचलका झाला. मात्र लीच्या साधारण २८ हजार माणसांना जे छापील कागद दिले (जवळच्याच एका खानावळीत छापखाना लावून घाईघाईने छापले), ते दाखवून वाटेत शिधा मिळायचा, सरकारी रेल्वेने जाता यायचं, म्हणजे ते दस्तकही (प्रवासाचा परवाना) होतं. मी तरी "पॅरोलची चिठ्ठी" लिहीन आणि पहिल्यांदा येईल तिथे कंसात मुचलका देईन.