आर्मी ग्रुप: सेनासमूह, सेनागट की आहे तसंच?

बोरूबहाद्दर:
गावच्या वाचनालयासाठी दुसऱ्या महायुद्धातल्या इटलीच्या मोहिमेवरचा एक इंग्रजी लेख मराठीत करतोय. 'फिफ्टीन्थ आर्मी ग्रुप'पाशी अडकलोय. त्याच्या हाताखाली अमेरिकेची पाचवी आर्मी आणि ब्रिटिशांची आठवी आर्मी. आर्मीला सेना म्हटलं तर या ग्रुपला काय म्हणू? आधी 'सेनागट' लिहिलं. बायकोने वाचून विचारलं, "कुठल्या सेनेचा कुठला गट?" खोडलं.

माजी मास्तर:
सेनासमूह. हिंदीतही चालतो, समास सरळ आहे. वाद कशाला?

तिरकस:
मास्तर, समूह म्हटलं की मला समूहगान आठवतं! आर्मी ग्रुप म्हणजे आर्म्यांचा घोळका नाही, त्यांच्या वरचं मुख्यालय. फेब्रुवारी १९४३ मध्ये ट्युनिशियात पहिली आर्मी पश्चिमेकडून आणि आठवी पूर्वेकडून जवळ आल्या. दोघींना एका हुकमाखाली आणायला ब्रिटिश जनरल अलेक्झांडरच्या हाताखाली अठरावा ग्रुप उभा केला. १ आणि ८ मिळून १८. सिसिलीत पॅटनची सातवी आणि माँटगोमेरीची आठवी, म्हणून ७ + ८ = १५. हा आपला माझा हिशोब. त्यामुळे 'पंधरावा सेनासमूह' वाचणारा आधीचे चौदा शोधत बसणार.

हिवाळी:
हिशोब छान, पण ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जनरल गिफर्डचा अकरावा ग्रुप होता आणि त्याच्या हाताखाली चौदावी आर्मी. बसवा आता.

तिरकस:
१ + ४ = ५. नाही बसत. पुढे चला.

माजी मास्तर:
आपल्याकडे शब्द कमी आहेत का? पत्ती, सेनामुख, गुल्म, गण, वाहिनी, पृतना, चमू, अनीकिनी, अक्षौहिणी. अक्षौहिणी घ्या.

हिवाळी:
अक्षौहिणीत २१,८७० हत्ती लागतात, मास्तर. पंधराव्या ग्रुपच्या जनरल मार्क क्लार्कने कुठून आणायचे? आणि ७२९ हत्तींच्या चमूचं आज काय झालंय? 'डॉक्टरांचा चमू दाखल'. त्यात तीन डॉक्टर आणि एक ड्रायव्हर.

तिरकस:
मग कंपू घ्या ना! महादजी शिंद्यांसाठी द बॉयन या युरोपियन सेनानीने कवायती कंपू उभे केले, एकेका कंपूत कितीतरी पलटणी. अस्सल लष्करी शब्द. आपण त्याची कंपूबाजी करून टाकली.

माजी मास्तर:
कंपू म्हणजे इंग्रजी कॅम्प. परका.

तिरकस:
पोर्तुगीज कांपो. शेवटचा ओकार बघा. आणि लष्कर फारसी, फौज अरबी, पलटणही बाहेरचीच. हे सगळे हाकलून द्या, मग मैदानात तुम्ही आणि तुमचे हत्ती.

कृष्णाकाठ:
आमचे चुलतआजोबा मराठा पलटणीत होते, इटलीत. 'आठव्या आर्मीत होतो' एवढंच म्हणायचे. ग्रुपबिप काही नाही. सेनिओ नदी समजावताना अंगणात काठीने दोन रेघा ओढायचे: "पाटाचा बांध असतो ना, तसा. पण दोन पुरुष उंच. नदीकडून जर्मन, वरती पण जर्मन." मग त्या रेघा पायाने पुसायचे. सैनिक जो शब्द वापरत होता तोच लिहा. आर्मी ग्रुप.

बोरूबहाद्दर:
सेनिओ आलीच आहे तर आणखी एक. नामदेव जाधवांना ९ एप्रिल १९४५ च्या तिथल्याच लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दोन जखमींना एकेक करून पाण्यातून, सुरुंगांतून पलीकडे पोचवलं, मग परत येऊन मशीनगनचे मोर्चे बंद पाडले. ते 'कंपनी रनर' होते. मी 'कंपनीचे धावपटू' लिहिलंय.

हिवाळी:
अरे देवा.

माजी मास्तर:
संदेशवाहक.

तिरकस:
हरकारा! हुकूम घेऊन धावणारा, अगदी तेच काम. धावपटू म्हणजे गळ्यात पदक आणि समोर हारतुरे घेतलेले पुढारी.

कृष्णाकाठ:
हरकारा नको. आमच्याकडे 'काय हरकाऱ्यासारखा फिरतोस' म्हणजे रिकामटेकडा.

तिरकस:
कुठे आमच्याकडे? आमच्या साताऱ्याकडे असं कुणी म्हणत नाही.

कृष्णाकाठ:
आम्ही पण साताऱ्याकडचेच आहोत.

हिवाळी:
बोरूबहाद्दर, इटलीतच व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले यशवंत घाडगेही त्या लेखात असतील तर एक चूक टाळा. ते टायबर खोऱ्यात १० जुलै १९४४ ला पडले. तेव्हा पंधरावा आर्मी ग्रुप या नावाचं काही नव्हतंच. १९४४ च्या सुरुवातीला ते नाव काढलं आणि त्या मुख्यालयाला 'अलाईड आर्मीज इन इटली' म्हणू लागले. डिसेंबरात क्लार्क प्रमुख म्हणून आला तेव्हा जुनं नाव परत आलं.

बोरूबहाद्दर:
मी दोघांनाही पंधराव्यात घातलंय. म्हणजे तो परिच्छेदही गेला. आणि 'अलाईड आर्मीज'ला आता काय लिहू? दोस्त सेना म्हणजे तर सगळ्याच.

माजी मास्तर:
संयुक्त सेनासमूह.

तिरकस:
मास्तर!

कृष्णाकाठ:
हरकाऱ्याबद्दल आईला विचारलं. ती म्हणते, तिच्या माहेरचा शब्द आहे. माहेर कोरेगाव.