मदत हवी आहे: सार्वजनिक फायर हायड्रंटमधून पाणी घेण्याचे नियम

पणजीच्या जुन्या भागातील आमच्या गल्लीतल्या फायर हायड्रंटला (आग विझवताना पाणी घेण्यासाठी रस्त्यावर बसवलेल्या नळाला) खासगी टँकरवाले पाइप जोडून बांधकामासाठी पाणी भरतात आणि त्याला अगदी खेटून दुचाकीही लावल्या जातात. लाकडी वाशांची, एकमेकांना लागून असलेली घरे आणि मोठा बंब शिरणार नाही असे रस्ते पाहता आग लागल्यास सारी भिस्त याच हायड्रंटवर राहील, याची मला फार काळजी वाटते. हायड्रंटच्या ६३ मिलिमीटरच्या कपलिंगचा (पाइप जोडायच्या तोंडाचा) वॉशर ओढाताणीत फाटला, तर जवानांचा होज (पाण्याचा पाइप) जोडूनही पाणी गळत राहील. अग्निशमन दलाखेरीज इतरांना येथून पाणी घेता येते का, परवानगी अग्निशमन संचालनालय देते की पाणीपुरवठा विभाग, आणि लेखी तक्रार कोठे करावी? गोव्याच्या १९८६ च्या अग्निशमन दल कायद्यातील संबंधित कलम कोणी सांगितल्यास उपकार होतील.