सेंट अँड्र्यूज आणि कार्नूस्टी: रिसॉर्टबाहेर राहून चौघांची ट्रिप कशी बसवायची?

रंकाळा_बोगी
कोल्हापूरचे आम्ही चौघं गोल्फ खेळणारे, हँडिकॅप (खेळाचा दर्जा दाखवणारा आकडा, कमी तितका चांगला) १४ ते २२. जूनमध्ये आठ दिवस स्कॉटलंड, साल २०२७ किंवा २०२८. सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स आणि कार्नूस्टीचा कोर्स, दोन्ही खेळायचेत. रिसॉर्टचे दर बघून डोळे पांढरे झाले, म्हणून बाहेर फ्लॅट घ्यायचा विचार आहे. एजंट म्हणतो, पॅकेज घेतल्याशिवाय ओल्ड कोर्स मिळतच नाही. खरं आहे का? आणि मुक्काम कुठे टाकावा?

पंचगंगा_पार
एजंटचं ऐकू नका. ओल्ड कोर्स सार्वजनिक आहे, लिंक्स ट्रस्ट चालवतो. पॅकेज हा एक रस्ता झाला, एकमेव नव्हे.

मुक्काम डंडीत टाका. नकाशा उघडून बघा: टे नदीच्या दक्षिणेला सेंट अँड्र्यूज, उत्तरेला कार्नूस्टी आणि मधोमध डंडी. दोन्हीकडे वीसेक किलोमीटर. टे पुलाचा टोल २००८ सालीच बंद झालाय. सेंट अँड्र्यूजला रेल्वे स्टेशन नाही, जवळचं लूकर्स, तिथून ९९ नंबरची बस. हीच बस डंडीहूनही येते. कार्नूस्टीला मात्र थेट ट्रेन आहे. तरी चौघं आणि चार गोल्फ बॅगा म्हटल्यावर गाडीच घ्या. आपलं लायसन्स तिथे बारा महिने चालतं आणि गाडी डावीकडूनच चालवायची असते. मात्र साधी हॅचबॅक बुक केलीत तर दोन बॅगा मांडीवर येतील. इस्टेट किंवा सात सीटर मागा आणि मागची सीट पाडून ठेवा.

फ्लॅट घेताना चार गोष्टी बघा. एक, जाहिरातीत लायसन्स नंबर आहे का. स्कॉटलंडमध्ये अल्प मुदतीच्या भाड्याला परवाना सक्तीचा आहे. नंबर नसेल तर पैसे भरू नका. दोन, कितवा मजला. जुन्या दगडी टेनमेंट इमारतींना लिफ्ट नसते. तीन, दोन बाथरूम, कारण सकाळी सातच्या टी टाइमला (खेळ सुरू करायची ठरलेली वेळ) चौघं एका दाराशी उभे राहिलात की भांडण ठरलेलं. चार, वॉशिंग मशीन आणि ओले कपडे-बूट वाळवायला जागा. जाहिरातीत समुद्र दिसतो की नाही हे लिहितात, ही चौथी गोष्ट कुणी लिहीत नाही. विचारून घ्या.

नऊ_होल_पुरे
राहण्याचं वर आलंय, मी टी टाइमचं लिहितो. गणित तिथेच चुकतं.

बॅलट म्हणजे ओल्ड कोर्सच्या टी टाइमसाठीची रोजची सोडत. खेळायच्या दोन दिवस आधी दुपारी २ पर्यंत (आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेसहा) नावं टाकायची, निकाल त्याच दिवशी लागतो. गुरुवारी खेळायचं तर मंगळवारी अर्ज. अर्जात २ ते ४ जण चालतात, या सोडतीत एकट्याचा अर्ज घेत नाहीत. प्रत्येकाचं नाव, क्लब, हँडिकॅप भरावं लागतं. रविवारी ओल्ड कोर्सवर खेळ बंद, म्हणून सोमवारचा अर्ज शनिवारी. शनिवारी पोचलात तर सोमवार ते शनिवार असे सहा प्रयत्न हातात येतात. तीनच दिवस राहून 'लागलं नाही' म्हणून कुरकुरण्यात अर्थ नाही.

आता खरी युक्ती. मंगळवारच्या सोडतीत नाव नाही आलं तर बुधवारी स्वतः जाऊन गुरुवारच्या एकट्यांच्या वेगळ्या सोडतीत नोंदणी करायची. पूर्वी यासाठी पहाटेपासून, कधी रात्रभर, रांगेत बसावं लागायचं. २०२४ पासून आदल्या दिवशी नोंदणी आणि मग सोडत. चौघांनी चार नावं टाकली तर लागलेले वेगवेगळ्या ग्रुपमध्ये जातील, काही राहतीलही. ते आधीच आपसात मान्य करून टाका.

कार्नूस्टीचा चॅम्पियनशिप कोर्स आणि न्यू किंवा ज्युबिली (सेंट अँड्र्यूजचेच दुसरे कोर्स) हे मात्र आगाऊ घ्या. सगळे दिवस आगाऊ भरू नका, नाहीतर बॅलट लागेल त्याच दिवशी कार्नूस्टीचे पैसे बुडतील. दोन दिवस पक्के, बाकी मोकळे. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे दुपारी चारचा टाइम मिळाला तरी डोळे झाकून घ्या.

२०२७ धरू नका. त्या जुलैत ओपन ही मोठी गोल्फ स्पर्धा सेंट अँड्र्यूजलाच आहे. खोल्यांचे दर आत्ताच चढलेले दिसतील आणि कोर्सही तयारीत असेल.

रंकाळा_बोगी
मग २०२८. हँडिकॅपचा दाखला म्हणून क्लबच्या ॲपचा स्क्रीनशॉट चालेल का? आणि बजेट?

नऊ_होल_पुरे
स्क्रीनशॉटवर विसंबू नका. क्लबच्या लेटरहेडवर सेक्रेटरीची सही, चौघांची वेगवेगळी पत्रं. ओल्ड कोर्सची हंगामातली फी माणशी तीनशे पौंडांच्या वर धरा, कॅडी (बॅग उचलणारा मदतनीस) वेगळा. बगी (कोर्सवर फिरायची छोटी गाडी) वैद्यकीय कारणाशिवाय मिळत नाही, सगळं पायी. म्हणून मोठी कार्ट बॅग नको, स्टँड बॅग न्या.

कळंबा_कट_शॉट
डंडीशी सहमत नाही. एकट्यांच्या सोडतीसाठी रोज पूल ओलांडायचा आणि संध्याकाळी क्लबहाउसमध्ये बसून परत गाडी चालवायची? तिथे पिऊन गाडी चालवायची मर्यादा फार कमी आहे. निम्मे दिवस तरी सेंट अँड्र्यूजमध्येच राहा. विद्यापीठाची वसतिगृहं उन्हाळ्याच्या सुट्टीत पाहुण्यांना खोल्या देतात. साध्या असतात, पण चालत पहिल्या टीवर (खेळ सुरू होतो तिथे) पोचाल.

सामानाचं: हार्ड केस घ्या, ड्रायव्हर स्टिकचं डोकं काढून सॉक्समध्ये गुंडाळा. रेंजफाइंडरची (अंतर मोजायच्या यंत्राची) सुटी लिथियम बॅटरी चेक-इनमध्ये टाकू नका, हातातच ठेवा. कांदा-लसूण चटणी डबल पॅक करून खुशाल न्या, पण पेढे, तूप आणि सुकं मटण नको. भारतातून दूध आणि मांसाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत.

पाऊस आपल्याला नवा नाही, पण तिथला आडवा येतो. छत्री वाऱ्यात उलटी होते. वॉटरप्रूफ वरखाली दोन्ही आणि रेन ग्लोव्हची जोडी न्या. जमीन कडक असते. ग्रीनपासून (होलभोवतीच्या हिरवळीपासून) वीस यार्डांवर वेज (चेंडू उंच उडवणारी स्टिक) काढलात की चेंडू उसळून पलीकडे. पटर किंवा ७ नंबरच्या स्टिकने सरपटत न्या. ओल्ड कोर्सवर शंका आली की डावीकडे मारा, आउट ऑफ बाउंड्स (कोर्सच्या हद्दीबाहेरची जागा) बहुतेक उजवीकडे आहे.

पंचगंगा_पार
निम्मे-निम्मे चालेल. मग मुक्काम बदलायचा दिवस रविवार ठेवा. त्या दिवशी ओल्ड कोर्स फिरायला खुला असतो. स्विल्कन पुलावर फोटो काढा, १७व्या होलचा रोड बंकर (वाळूचा खड्डा) जवळून बघून ठेवा. आणि व्हिसा प्रवासाच्या तीन महिने आधीपासून टाकता येतो, तेव्हाच टाका. पुण्यात सेंटर आहे, मुंबई गाठायची गरज नाही.