चालू प्रणालीची खरी रचना कशी ओळखावी?

प्रश्न (कोल्हापूर): शिरोली औद्योगिक वसाहतीतील फाउंड्र्यांसाठी आम्ही चालवत असलेल्या सॉफ्टवेअर प्रणालीत ऑर्डर, साठा आणि बिलिंग या स्वतंत्र सेवा आहेत, आराखड्यात त्यांचे संबंध स्पष्ट दिसतात, परंतु महिनाअखेरीस बिलिंग मंदावते तेव्हा विलंब नेमका कोठे होतो, हे लॉगमधून (प्रणालीने ठेवलेल्या नोंदींमधून) कळत नाही. काय करावे?

उत्तर १: प्रत्यक्ष वर्तन चालू प्रणालीतूनच मोजावे लागते. प्रत्येक विनंतीला ट्रेस आयडी (तिचा स्वतंत्र ओळख क्रमांक) देऊन तो हेडरमधून (विनंतीसोबत जाणाऱ्या माहितीच्या भागातून) पुढच्या सेवेकडे पाठवावा, म्हणजे कोणत्या सेवेने कोणाला बोलावले आणि प्रत्येक टप्प्याला किती वेळ लागला, हे एकत्र दिसते. गूगलने २०१० मध्ये डॅपर या आपल्या ट्रेसिंग प्रणालीविषयीच्या शोधनिबंधात हीच पद्धत मांडली. आज त्यासाठी ओपनटेलिमेट्री हा मुक्तस्रोत साधनसंच वापरावा.

उत्तर २: सेवांमधील संदेश-रांगेतून (मेसेज क्यू) जाणाऱ्या संदेशांतही तो ट्रेस आयडी घालावा (हे बहुधा राहून जाते), अन्यथा साखळी तिथेच तुटते.