साडेतीन महिन्यांचा व्हेल्ड शॅमेलिऑन: पुढचे पाय वाकू लागले आहेत आणि जीभ किड्यापर्यंत पोहोचत नाही

प्रश्न (कारेलीबाग, वडोदरा)

नमस्कार. माझ्या नातवाला ऑक्टोबरमध्ये त्याच्या मामाने व्हेल्ड शॅमेलिऑनचे (झाडावर राहणाऱ्या एका परदेशी सरड्याचे) पिल्लू आणून दिले. ते सहा आठवड्यांचे असल्याचे तेव्हा सांगण्यात आले होते, त्या हिशेबाने आज, डिसेंबरच्या अखेरीस, ते साडेतीन महिन्यांचे असावे. मागच्या पायांच्या टाचेवर काट्यासारखा बारीक उंचवटा आहे, त्यावरून तो नर असल्याचे समजले. नातू त्याला हिरू म्हणतो आणि शाळेतून आल्यावर हातपाय धुण्याआधी त्याच्याजवळ जाऊन बसतो.

गेल्या दहा-बारा दिवसांत मला काही गोष्टी खटकू लागल्या आहेत. पूर्वी वीतभर अंतरावरचा किडा तो जिभेने अचूक टिपत असे. आता जीभ जेमतेम इंचभर बाहेर येते, लोंबकळते आणि हळूहळू आत जाते. पुढचे दोन्ही पाय कोपरापाशी धनुष्यासारखे बाहेर वाकलेले दिसतात, चढताना ते थरथरतात आणि पोट फांदीला घासते. दुपारी, भर उजेडात, तो डोळे मिटून बसतो. विष्ठेबरोबर जो खडूसारखा पांढरा भाग पडतो, तो आता नारिंगी झाला आहे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचे वजन 16 ग्रॅम भरले. आधीची नोंद आम्ही ठेवलेली नाही.

त्याला मासे ठेवतात तशा दोन फुटी काचेच्या टाकीत ठेवले आहे आणि टाकी पूर्वेच्या खिडकीला लावलेली आहे. थंडीमुळे खिडकीची काच बंद असते, पण सकाळी नऊपासून अकरापर्यंत ऊन थेट त्याच्या अंगावर येते. वर 40 वॅटचा साधा बल्ब आहे. खायला रोज सहा-सात मीलवर्म (भुंगेऱ्याच्या अळ्या) देतो, वाटीत पाणी असते आणि माझ्यासाठी आणलेल्या कॅल्शियमच्या गोळीची चिमूटभर पूड किड्यांवर भुरभुरतो. घराजवळच्या पशुवैद्यांनी सरपटणारे प्राणी आपण कधी तपासलेले नाहीत, असे प्रामाणिकपणे सांगितले. हा केवळ थंडीचा परिणाम असावा असे घरातल्यांचे म्हणणे आहे. उत्तरायण झाल्यावर हवा तापेल, तोवर थांबावे का?

पहिले उत्तर (मांजलपूर, वडोदरा)

नमस्कार काका. मी सात वर्षे याच जातीचा शॅमेलिऑन सांभाळला आहे आणि सुरुवातीला मी स्वतःही काचेचीच चूक केली होती, म्हणून आधी कळकळीने सांगते की उत्तरायणापर्यंत थांबू नका. थंडीने शॅमेलिऑन सुस्त होतो, गडद रंगाचा होतो, कमी खातो. पण थंडीने त्याची हाडे वाकत नाहीत. वाकलेले पाय, थरथर आणि लुळी पडलेली जीभ एकत्र दिसली की पहिला संशय मेटाबॉलिक बोन डिसीजचा घ्यावा लागतो. लहान मुलांच्या मुडदुसाशी या आजाराचे बरेच साम्य आहे आणि झपाट्याने वाढणाऱ्या पिल्लांमध्ये तो फार लवकर बळावतो.

हिरूच्या अंगावर रोज दोन तास ऊन येते, हे खरे आहे, पण त्या उन्हातला नेमका उपयोगी भाग काचेपलीकडेच राहतो. शॅमेलिऑनच्या कातडीत ड जीवनसत्त्व तयार होण्यासाठी सुमारे 290 ते 315 नॅनोमीटर लांबीचे अतिनील किरण लागतात. खिडकीची काच ते जवळजवळ पूर्ण अडवते, तुमच्याकडे तर खिडकीची एक आणि टाकीची दुसरी अशा दोन काचा आहेत, आणि साध्या बल्बमधून हे किरण मिळतच नाहीत. ड जीवनसत्त्व नसले की पोटात गेलेले कॅल्शियम पुरेसे शोषले जात नाही, आणि रक्तातले प्रमाण टिकवण्यासाठी शरीर हाडांतले कॅल्शियम काढून घेऊ लागते. मग हाडे मऊ होतात. स्नायूंनाही आकुंचनासाठी कॅल्शियम लागते, म्हणून पाय थरथरतात. शरीराच्या लांबीपेक्षाही दूर फेकली जाणारी जीभ हे तर स्नायूंचेच काम आहे, त्यामुळे अनेकदा सर्वांत आधी जिभेचा नेम चुकू लागतो. जीभ लुळी पडण्याची दुसरीही कारणे आहेत, उदाहरणार्थ जिभेला झालेली इजा किंवा अ जीवनसत्त्वाचा अभाव, पण वाकलेल्या पायांसह पाहिले तर माझा कल कॅल्शियमकडेच आहे.

आज संध्याकाळपर्यंत करता येण्यासारखी कामे सांगते. टाकीतल्या उंच फांद्या काढून सगळ्या फांद्या तळापासून चार-पाच इंचांवर आडव्या बांधा आणि तळाशी जुना मऊ टॉवेल अंथरा, कारण अशा अवस्थेत हातभर उंचीवरून पडूनही हाड मोडते. त्याला फांदीवरून ओढून काढू नका. पकड सुटत नसेल तर फांदीसकट उचला. नातवाला हे सर्वांत जड जाईल, पण काही आठवडे त्याला हातावर घेऊ नये.

वाटीतले पाणी शॅमेलिऑनला बहुधा पाणी म्हणून ओळखूच येत नाही, तो पानांवरचे थेंब चाटतो. नारिंगी युरेट, म्हणजे विष्ठेबरोबर पडणारा तो एरवी पांढरा असणारा भाग, हे शरीरातले पाणी कमी झाल्याचे लक्षण आहे. सकाळी दिवा लागल्यावर आणि दुपार उलटल्यावर दोन-तीन मिनिटे पानांवर बारीक फवारा मारा, आणि तळाला सुईने भोक पाडलेला प्लॅस्टिकचा पेला वर टांगून थेंब-थेंब पाणी जास्वंदाच्या पानांवर पडू द्या. जास्वंद आणि मनीप्लांट या दोन्ही कुंड्या त्याच्या घरात चालतात. फक्त त्यांवर आधी कीटकनाशक मारलेले नसावे.

दिव्याच्या बाबतीत काटकसर करू नये, असे मला मनापासून वाटते. अतिनील किरणांची टी-5 प्रकारची, 5.0 किंवा 6 टक्के असे छापलेली लांब नळी घ्या आणि तो जिथे बसतो त्या फांदीपासून साधारण 20 ते 25 सेंटिमीटरवर लावा. मध्ये काच किंवा प्लॅस्टिक येता कामा नये. दिवसाचे बारा तास ती चालू ठेवा, रात्री सगळे दिवे बंद करा. नळी दिसायला उजळ राहिली तरी तिच्यातले अतिनील किरण हळूहळू घटत जातात, म्हणून विकत घेतल्याची तारीख नळीवर लिहून ठेवा आणि निर्मात्याने सांगितलेल्या मुदतीत, बहुधा सहा ते बारा महिन्यांत, ती बदला. उष्णतेसाठी साधा बल्ब वेगळा राहू द्या. त्याच्याखालच्या फांदीवर 28 ते 30 अंश पुरेसे आहेत, आणि तो तिथून बाजूला होऊन थंड जागी जाऊ शकला पाहिजे. आपल्याकडच्या बंद खोलीत डिसेंबरच्या रात्री 18 अंशांच्या आसपास पारा राहतो, तेवढे या जातीला सोसते. मूळचा तो येमेन आणि नैर्ऋत्य सौदी अरेबियाच्या डोंगराळ भागातला आहे, रात्रीचा गारवा त्याला अनोळखी नाही.

नळी येईपर्यंत सकाळचे कोवळे ऊन गच्चीत थेट द्यावे, पंधरा-वीस मिनिटे, जाळीच्या पिंजऱ्यात आणि अर्धी सावली ठेवून. काचेची टाकी कधीही उन्हात नेऊ नका, ती काही मिनिटांत भट्टीसारखी तापते. स्वतः जवळ बसा, कारण कावळे आणि घारी टपलेल्या असतात. उत्तरायणाच्या दोन दिवसांत मात्र गच्ची टाळा. मांजा आणि भोंग्यांच्या आवाजात त्याचे हाल होतील.

तुमची गोळी आजपासून बंद करा. माणसांच्या बहुतेक गोळ्यांत ड जीवनसत्त्वही असते, एवढ्याशा जिवासाठी चिमूट म्हणजे किती हे मोजता येत नाही, आणि ड जीवनसत्त्व जास्त झाले तर तेही मूत्रपिंडांना व रक्तवाहिन्यांना घातक ठरते.

दुसरे उत्तर (पशुवैद्यक शाखेची पदव्युत्तर विद्यार्थिनी)

वरील सल्ल्याशी मी सहमत आहे. फक्त उपचारांबद्दल थोडे लिहिते. अतिनील दिवा आणि योग्य आहार यांनी पुढचे नुकसान थांबते, पण थरथर सुरू झालेल्या पिल्लाला केवळ तेवढ्यावर ठेवणे धोक्याचे आहे. त्याला एक्स-रेची आणि वजनानुसार ठरवलेल्या कॅल्शियमच्या मात्रेची गरज आहे. वडोदऱ्याहून आणंद सुमारे 40 किलोमीटर आहे. तेथील पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दूरध्वनी करून सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेले डॉक्टर कोणत्या दिवशी भेटतील ते विचारा आणि मगच निघा. दोन दिवसांच्या आतली ताजी विष्ठा डबीत घालून न्या, म्हणजे जंतांची तपासणीही होईल. प्रवासात भोके पाडलेल्या खोक्यात एक जाड काडी आडवी घट्ट बसवा आणि खोके कपड्याने झाका; अंधारात तो शांत राहतो.

तोंड बळेच उघडून औषध किंवा पाणी घालू नका. मऊ झालेला जबडा मोडतो आणि द्रव श्वासनलिकेत जातो. भूक असेल तर किडा चिमट्याने तोंडाजवळ धरा, तो स्वतःच्या जबड्याने घेईल. तोंड उघडे ठेवून, मान वर करून श्वास घेणे किंवा नाकातोंडाशी बुडबुडे दिसणे, यांपैकी काही आढळले तर तो श्वसनाचा संसर्ग असू शकतो आणि मग वेळ ठरवण्याची वाट न पाहता त्याच दिवशी निघावे लागेल.

तिसरे उत्तर (रावपुरा, वडोदरा)

आहाराविषयी एक भर घालतो. मीलवर्ममध्ये फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी थोडे असते, त्यामुळे केवळ त्यांवर वाढणाऱ्या पिल्लाची हाडे कमकुवत होणारच. रातकिडे मुख्य ठेवा, आणि किडा शॅमेलिऑनच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नसावा. किड्यांना आदल्या दिवशी शेवग्याचा पाला आणि गाजर खाऊ घाला, कारण त्यांच्या पोटातले तेच शेवटी हिरूच्या पोटात जाते. पालक टाळा, त्यातले ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी मिळणारी फॉस्फरस व ड जीवनसत्त्व नसलेली कॅल्शियम पूड जवळजवळ प्रत्येक जेवणात, आणि ड व अ जीवनसत्त्व असलेली पूड महिन्यातून दोनदा, असा माझा क्रम आहे. आजारी पिल्लाचा क्रम अर्थात डॉक्टरच ठरवतील. घरातली झुरळे किंवा दिव्याभोवतीचे किडे देऊ नका, काजवे तर मुळीच नकोत, ते विषारी असतात.

आणखी एक बाब आपण तपासली असेलच, तरी लिहितो. आपल्या गुजरातच्या झाडाझुडपांत आढळणारा भारतीय शॅमेलिऑन वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 खाली संरक्षित आहे आणि तो घरी ठेवता येत नाही. तसे पिल्लू असेल तर वनखात्याला कळवावे लागते. व्हेल्ड शॅमेलिऑन परदेशी असला तरी साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर आलेल्या 2024 च्या नियमांनुसार त्याची केंद्र सरकारच्या परिवेश या ऑनलाइन पोर्टलवर नोंदणी आवश्यक आहे. मामांकडून खरेदीची कागदपत्रे मागून घ्या.

प्रश्नकर्त्याचे उत्तर, अकरा दिवसांनी

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. त्याच संध्याकाळी फांद्या खाली घेतल्या आणि तिसऱ्या दिवशी आणंदला जाऊन आलो. एक्स-रेमध्ये हाडे पातळ दिसली, आणि डाव्या पुढच्या पायात एक जुना, अर्धवट जुळलेला मोडही दिसला, जो आमच्या कोणाच्याच लक्षात आला नव्हता. हे ऐकून नातू परतीच्या वाटेवर एक शब्द बोलला नाही. कॅल्शियमचे औषध चिमट्यातल्या किड्यावर थेंबाने घालून देतो आहोत. आता घर जाळीचे आहे आणि नळीवर नातवाने स्वतः तारीख लिहिली आहे.

थरथर जवळजवळ थांबली आहे, युरेट पुन्हा पांढरे झाले आहे, आणि आज सकाळी वजन 18 ग्रॅम भरले. जीभ अजून दोन इंचांपलीकडे जात नाही. डावा पाय वाकडाच राहील, असे डॉक्टरांनी सांगितले, म्हणून त्या बाजूच्या फांद्या बोटाएवढ्या जाड आणि अगदी आडव्या ठेवल्या आहेत. कागदपत्रे मामांकडून आली असून नोंदणीचे काम या आठवड्यात करतो आहे. पुढचा एक्स-रे सहा आठवड्यांनी आहे. त्यात जे दिसेल ते इथे कळवीन.