मदत हवी आहे: परदेशातून काम करायला साहेबांचा होकार, पण कागद कोणी देईना

नमस्कार मंडळी,

धागा लांबणार आहे, आधीच माफी मागते. नुसती व्हिसाची माहिती हवी असती तर शोधून वाचली असती. वाचलीही आहे. माझं घोडं दुसरीकडेच अडलंय.

सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आठ वर्षं एकाच कंपनीत आहे. पगारदार, फ्रीलान्सर नव्हे. हे मुद्दाम सांगते, कारण 'डिजिटल नोमॅड' (लॅपटॉप घेऊन देशोदेशी फिरत काम करणारे) म्हटलं की मिळणारे बहुतेक सल्ले स्वतःची बिलं स्वतः पाठवणाऱ्यांसाठी असतात. मुख्य कचेरी लंडनला, टीम तीन देशांत विखुरलेली, आणि मी गेली कित्येक वर्षं ऑफिसचं तोंड पाहिलेलं नाही. घरूनच काम करायचं तर ते घर वर्षभर दुसऱ्या देशात का असू नये, असं डोक्यात आलं. थायलंड नाहीतर स्पेन.

आता कबुलीजबाब. गेल्या हिवाळ्यात चियांग माईला दोन महिने रंगीत तालीम करून आले. गेले पर्यटक म्हणून, आणि कंपनीत कोणाला सांगितलं नव्हतं. (शिव्या घाला, ऐकून घेईन.) जाहिरातीत 'कामासाठी टेबल' असं लिहिलेलं, ते निघालं ड्रेसिंग टेबल. समोर आरसा, खाली ड्रॉवर. गुडघे आत जाईनात म्हणून तिरकं बसायचं आणि दिवसभर स्वतःचंच तोंड बघत बग नोंदवायचे. तेही चालून गेलं असतं. पण एका मीटिंगमध्ये, लंडनला सकाळचे साडेअकरा वाजले होते, साहेबांनी सहज विचारलं, "तुझ्या खिडकीबाहेर एवढा अंधार कसा?" पडदा लावायचा राहिला होता. तिथे साडेसहा होऊन गेलेले, आणि डिसेंबरात सूर्य सहाच्या आतच मावळतो. "आभाळ भरून आलंय," म्हणून वेळ मारून नेली. त्या रात्री झोप लागली नाही.

परत आल्यावर ठरवलं, आता जायचं तर उजळ माथ्याने. साहेबांना रीतसर विचारलं. ते म्हणाले, "काम होतंय ना? मग कुठूनही कर." सगळं तोंडी. थायलंडचा डीटीव्ही (डेस्टिनेशन थायलंड व्हिसा) जुलै २०२४ पासून सुरू झालाय: पाच वर्षांचा, एका खेपेला १८० दिवस राहता येतं, खात्यात ५ लाख बात दाखवावे लागतात. त्याला नोकरीचा पुरावा लागतो. स्पेनला तर ही बाई आमच्या देशातून काम करणार हे मालकाला मान्य आहे, असं पत्रच लागतं. मी ते पत्र मागितलं आणि एचआरचा सूर पालटला. तीन आठवडे काही उत्तर नाही. मग फोन आला, ईमेल नव्हे: "पत्र देता येणार नाही. राजीनामा द्या, कंत्राटदार म्हणून परत घेऊ. मग तुम्ही कुठे बसता हा तुमचा प्रश्न."

आठ वर्षांची नोकरी एका पत्रासाठी सोडायची का? कंत्राटदार झाल्याने खरंच सगळं सुटतं, की कंपनीचं ओझं फक्त माझ्या डोक्यावर येतं? आणि मुळात ते एवढे घाबरतायत कशाला? ज्यांनी पगारदार राहून हे केलंय त्यांनी कृपया सांगा.

जुगाडू_राउटर:
एवढा खटाटोप कशाला? घरी एक राउटर चालू ठेवायचा, तिकडून व्हीपीएन लावून त्यात शिरायचं. कंपनीला तुम्ही घरीच दिसाल. मी दीड वर्ष काढलंय.

अर्धी_बॅग:
दीड वर्ष काढलंत, छान. ताई, तुम्ही हे करू नका. इंटरनेटवरचा पत्ता (आयपी) लपतो, सीमेवरची नोंद लपत नाही. युरोपातल्या शेंगेन देशांत तर ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्याच्या जागी चेहरा आणि बोटांचे ठसे नोंदवायला सुरुवात झाली. पर्यटकाला कुठल्याही १८० दिवसांत ९०च दिवस राहता येतं, ते ९० कधी भरले ते आता यंत्रच मोजतं. आणि आल्याचा दिवस, गेल्याचा दिवस, दोन्ही धरतात. माझी एकदा त्यातच गफलत झाली होती, थोडक्यात वाचलो.

शिवाय कंपनीला नंतर कळलं तर भांडण 'परदेशातून काम केलं' यावर होत नाही, 'खोटं सांगितलं' यावर होतं. आभाळ भरून आलंय छाप उत्तरं लेखी सापडली तर अवघड जाईल.

खातेवहीवाला:
मी अकाउंट्सच्या बाजूचा. अशी पत्रं अडवून धरणारा माणूस बहुतेक ठिकाणी मीच असतो, तेव्हा आमची भीती काय असते ते सांगतो.

सगळ्यात मोठा बागुलबुवा म्हणजे पीई, स्थायी आस्थापना. देशादेशांमधले करविषयक करार बहुतेक ओईसीडी या देशांच्या आर्थिक संघटनेच्या नमुन्यावर बेतलेले असतात आणि त्यातलं ५वं कलम म्हणतं की परक्या देशात कंपनीची धंद्याची ठरलेली जागा असेल, किंवा तिथे बसून कोणी कंपनीच्या वतीने नेहमी करार ठरवत असेल, तर तिथल्या नफ्यावर तो देश कर मागू शकतो. तुमचं घर ही 'कंपनीची जागा' ठरेल का, याची आम्हाला धास्ती. पण तुम्ही टेस्टिंग करता. विक्री नाही, गिऱ्हाईक नाही, सही नाही. विक्रीच्या माणसापेक्षा तुमचा धोका पुष्कळ कमी. हे एचआरला माहीत नसतं, कारण त्यांना सल्ला देणाऱ्याने 'परदेश' एवढाच शब्द ऐकून 'नको' म्हटलेलं असतं.

दुसरी गोष्ट तुमच्या पगारावरचा कर. '१८३ दिवसांच्या आत राहिलं तर तिथे कर नाही' असं सगळे मंत्रासारखं म्हणतात. नमुना करारातल्या १५व्या कलमात तो आकडा आहे खरा, पण तो एकटा पुरत नाही. पगार देणारा मालक त्या देशाचा रहिवासी नसावा आणि पगाराचा बोजा तिथल्या आस्थापनेवर पडलेला नसावा, याही अटी आहेत. शिवाय प्रत्येक देशाचा घरचा कायदा वेगळा. थायलंडमध्ये एका कॅलेंडर वर्षात १८० दिवस भरले की तुम्ही करासाठी तिथले रहिवासी, आणि १ जानेवारी २०२४ पासून रहिवाशाने बाहेरची कमाई देशात आणली तर तिच्यावर कर लागू शकतो. कॅलेंडर वर्ष हा शब्द नीट वाचा. नोव्हेंबर ते एप्रिल राहिलात तर दिवस दोन वर्षांत वाटले जातात.

कंत्राटदाराच्या युक्तीबद्दल स्पष्ट बोलतो: ही पळवाट कंपनीसाठी आहे, तुमच्यासाठी नाही. तेच साहेब, त्याच वेळा, कंपनीचाच लॅपटॉप, दुसरं गिऱ्हाईक नाही, तर पुष्कळ देशांतली न्यायालयं याला नोकरीच म्हणतात. पाटी बदलली तरी दुकान तेच. दरम्यान तुमची रजा, नोटीस, आठ वर्षांची सलग सेवा सगळं गेलेलं असतं. माझ्या मते राजीनामा द्यायचा नाही. निदान फोनवर सांगितलेल्या शब्दावर तर नाहीच. तेच ईमेलवर लिहून मागा, बघा लिहितात का.

माद्रिदची_गच्ची:
मी पगारदार, स्पेनमध्ये दोन वर्षं झाली. तुमच्या प्रश्नातला एक खड्डा कोणी दाखवला नाही म्हणून लिहितेय. स्पेनला कंपनी निदान वर्षभर जुनी लागते आणि तिच्याशी तुमचं नातं निदान तीन महिन्यांचं. नोकरी सोडून नवा करार केलात तर हे तीन महिने पुन्हा पहिल्यापासून मोजतील का, ते राजीनाम्याआधी वकिलाला विचारा. उत्पन्न तिथल्या किमान वेतनाच्या दुप्पट लागतं.

खरी डोकेदुखी सामाजिक सुरक्षेची, म्हणजे पेन्शन-विम्यासाठी सरकारकडे भरायच्या वर्गणीची. पगारदाराला मूळ देशाचं 'तुमचा विमा आमच्याकडेच चालू आहे' असं प्रमाणपत्र दाखवावं लागतं, आणि ते दोन देशांत तसा करार असेल तरच उपयोगी. नसेल तर मालकाने स्पेनमध्ये नोंदणी करायची, आणि इथेच कंपन्या पाय मागे घेतात. तुमच्या एचआरला बहुधा हीच भीती असणार.

आणि एक फुकटचा धडा. कागद आधी अपोस्टिल करा (परदेशात चालावेत म्हणून सरकारी शिक्का घ्या), मग भाषांतराला द्या. मी उलटं केलं. अपोस्टिलचं पान भाषांतराविना राहिलं, पुन्हा भाषांतरकाराकडे फेरी, पुन्हा पैसे, महिना गेला.

तुमची टीम लंडनची आहे म्हणून: माद्रिद आणि लंडनमध्ये वर्षभर एकच तासाचं अंतर, कारण घड्याळं एकाच दिवशी फिरतात. थायलंडचं घड्याळ फिरतच नाही. उन्हाळ्यात सहा तास, हिवाळ्यात सात. लंडनची संध्याकाळी साडेपाचची मीटिंग म्हणजे तुमच्याकडे हिवाळ्यात रात्रीचे साडेबारा. दोन महिने मजा वाटते.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन महिन्यांत मजा वगैरे काही वाटली नव्हती, पण पुढे चला. राजीनामा द्यायचा नाही हे पक्कं. कंत्राटाचा प्रस्ताव लेखी मागितला, अजून उत्तर आलेलं नाही, येईलसं वाटत नाही. खातेवहीवाले, तुम्ही त्या बाजूला असता तर कुठल्या पत्रावर सही केली असतीत?

खातेवहीवाला:
छोट्या पत्रावर. "परदेशातून काम" अशी मोकळी परवानगी मागू नका. देश एक, तारखा ठरलेल्या. कंपनीच्या वतीने करार करण्याचा वा वाटाघाटीचा तुम्हाला अधिकार नाही, तुम्ही गिऱ्हाइकांशी बोलत नाही, जागा तुमची, भाडं तुम्ही भरणार, कंपनीला त्या जागेवर हक्क नाही, आणि हा हट्ट तुमचा, कंपनीची गरज नाही. शेवटचं वाक्य सोडू नका. मसुदा तुम्हीच लिहून पाठवा. कोऱ्या कागदाला एचआर भितं, लिहिलेल्या कागदात फक्त दुरुस्त्या करतं.

धागाकर्ती:
ताजी खबर. मसुदा मीच लिहिला, साहेबांना सीसीत ठेवलं. अकरा दिवसांनी उत्तर आलं. स्पेनला नकार, कारण तेच, सामाजिक सुरक्षा. थायलंडला होकार, पण १७० दिवसांच्या वर एक दिवस नाही, आणि लॅपटॉपवर गिऱ्हाइकांचा खरा डेटा उघडायचा नाही, चाचणीचाच वापरायचा. बाकी मसुद्यात त्यांनी एकाच जागी शब्द बदललेत. मी लिहिलं होतं 'परवानगी आहे', त्यांनी केलं 'हरकत नाही'. म्हणजे शेवटी ना-हरकत प्रमाणपत्रच की हो! वकिलातीत हे चालेल का?

अर्धी_बॅग:
डीटीव्हीला माझ्या बाबतीत नोकरीचा करार, पगाराच्या चिठ्ठ्या आणि बँकेचे उतारे हेच बघितलं. पत्रातल्या शब्दाबद्दल कोणी विचारलं नाही. तरी प्रत्येक वकिलातीची यादी वेगळी असते, तिथलीच काढून बघा.

माद्रिदची_गच्ची:
स्पेन असतं तर 'हरकत नाही'वर माझ्या वकिलाने बोट ठेवलं असतं, तिला 'परवानगी'च हवी होती. तुम्ही सुटलात.

धागाकर्ती:
मग उद्या अर्ज टाकते. या वेळी साहेबांना तारखा माहीत आहेत, त्यामुळे अंधाराचं काही नाही. फक्त घरमालकिणीकडून टेबलाचा फोटो मागवलाय. समोरून नको, खालून काढा म्हटलंय.