मीटर ५८ हजार किमी, गाडी १७ वर्षांची. बदलायची कधी हे ठरवता कसं?

बंबवाला_वर्कशॉप:
मंडळी, अग्निशमन ताफ्याची देखभाल माझ्याकडे आहे. निम्म्या गाड्यांनी १५ वर्षं ओलांडलीत. बदलीचा प्रस्ताव दिला की हिशेबवाले मीटर बघतात आणि म्हणतात ५८ हजारच तर झालेत, बस आणि ट्रक लाखो किमी पळतात, मग ही कशाला बदलायची. इकडे तीच गाडी महिन्यातून आठ-दहा दिवस दुरुस्तीच्या खड्ड्यावर उभी असते. नुसतं "जुनी झाली" म्हणून कोणी ऐकत नाही, तर मांडायचं कसं?

डिझेल_मिस्त्री:
किमी दाखवूच नका, अवर मीटर दाखवा, म्हणजे इंजिन एकूण किती तास चाललं ते. बंब जागेवर उभा राहून पीटीओवर (इंजिनाची ताकद पंपाला देणारी जोडणी) पंप चालवतो तेव्हा इंजिन तासन्‌तास जोरात फिरत असतं आणि किमीचा काटा तिथल्या तिथे. ढोबळ हिशेबात इंजिनाचा एक तास म्हणजे ४० ते ५० किमी धरतात. समजा तुमच्या गाडीचे ४,२०० तास झाले असतील तर ते पावणेदोन-दोन लाख किमीच्या बरोबरीचं झालं ना. त्यात वर्दी (आगीची खबर) आली की थंड इंजिन मिनिटाभरात फुल रेसवर, आणि टाकी कायम भरलेली. ४,५०० लिटर म्हणजे साडेचार टन पाणी, गाडी केंद्रात नुसती उभी असली तरी कमानपाटे आणि टायर ते वजन रात्रंदिवस पेलतात. ट्रक निदान परत येताना रिकामा तरी असतो.
आणि टायरची तारीख बघा हो! किमी कमी म्हणून नक्षी नवी दिसते पण रबर वयाने कडक होतं. एनएफपीए या अमेरिकन अग्निसुरक्षा संस्थेच्या देखभाल मानकात ७ वर्षांनी टायर बदला असं आहे, नक्षी कितीही शिल्लक असो.

पंप_ऑपरेटर:
मिस्त्रींचं बरोबर आहे पण माझ्या मते सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे पंपाची वार्षिक टेस्ट. एनएफपीएच्या पद्धतीत सक्शनवर (पंपाने खालून) पाणी ओढून १५० पीएसआय दाबाला पूर्ण क्षमता २० मिनिटं, मग २०० ला ७० टक्के आणि २५० ला ५० टक्के, दोन्ही १०-१० मिनिटं. दरवर्षीचे आकडे एका कागदावर ओळीने लिहा, उतरण आपोआप दिसते, वाद घालावाच लागत नाही.
मी स्वतः एकदा विहिरीवर अडकलोय. प्रायमर (पंपातली हवा काढून पाणी वर ओढणारा) फिरतोय, व्हॅक्यूम धरतच नाही, पंप ग्लँडमधून (शाफ्टच्या सीलमधून) हवा घेत होता. टाकीतलं पाणी संपत आलेलं आणि पुढे होजवर आमची दोन पोरं. दुसरी गाडी आली म्हणून निभावलं. ती टेस्ट त्या वर्षी झालीच नव्हती, "गाडी चालतेय ना" म्हणून. तेव्हापासून मी टेस्ट सोडत नाही.
टाकीही बघा. गळते म्हणून अर्धी ठेवली तर वळणावर पाणी एका बाजूला येतं आणि गाडी पलटायची भीती, हे चालवणारेच जाणतात.

जुनी_चासी:
थोडं उलट बोलतो. सरसकट बदलू नका. पंप आणि बॉडी धड असेल तर ओव्हरहॉल करून काही वर्षं निघतात. पण चासीचे (गाडीच्या मूळ सांगाड्याचे) पार्ट मिळायचे बंद झाले की थांबा, तिथे पैसे ओतणं चूक. आणि बंद केबिन, सगळ्यांना सीटबेल्ट, चांगले ब्रेक या गोष्टी जुन्या गाडीत नंतर नीट बसत नाहीत, जवानांच्या जिवासाठी मला हा मुद्दा इंजिनापेक्षा मोठा वाटतो.

बंबवाला_वर्कशॉप:
खूप आभार सगळ्यांचे. १५ वर्षांनंतर राखीव, २५ नंतर बाद असं कुठेतरी ऐकलं होतं, ते नियम म्हणून दाखवता येईल का?

पंप_ऑपरेटर:
ती एनएफपीए १९११ या मानकाच्या पुरवणीतली शिफारस, सक्तीचा नियम नाही, आणि २०२४ मध्ये ते मानक १९१० क्रमांकाच्या मानकात मिसळलं. दाखवा, पण शिफारस म्हणूनच दाखवा, नाहीतर कोणीतरी वाचून तुम्हालाच खोटं पाडेल. खरा जोर तुमच्या लॉगबुकातून येईल. गाडी किती दिवस बंद, त्या दिवसांत वर्दीला कुठल्या केंद्राची गाडी धावली आणि किती मिनिटं उशिरा पोचली.

डिझेल_मिस्त्री:
अजून एक, सगळ्या एकदम मागू नका. एकदम घेतल्या की १५ वर्षांनी एकदमच म्हाताऱ्या होतात, बहुतेक तुमचं आत्ता तेच झालंय. ताफा भागिले आयुष्य, ३० गाड्या असतील तर दरवर्षी दोन. आणि ऑर्डर दिल्यापासून चासी, बॉडी, पंप बसवणं, टेस्ट असं करत गाडी हातात यायला वर्षभर किंवा जास्तही जातं, म्हणजे १५ व्या वर्षी हवी तर १३ व्यालाच फाईल हलवा. तोवर जी सगळ्यात कमी बंद पडते ती स्पेअरला ठेवा. लोक उलट करतात, सगळ्यात खटारा स्पेअरला टाकतात, आणि ती नेमकी पहिली गाडी बंद असते तेव्हाच बाहेर काढावी लागते.

बंबवाला_वर्कशॉप:
आमची स्पेअर तीच आहे, सगळ्यात खटारा. उद्याच सगळ्या गाड्यांचे अवर मीटर वाचून घेतो, दोन गाड्यांचे तर बंद आहेत, ते आधी बसवतो.